‘ब्लू इन ग्रीन’ नक्की कुणाचं?

बिल इव्हान्स या जॅझ पियानिस्टच्या ‘पोर्ट्रेट इन जॅझ’ अल्बमवर नऊ रचना आहेत. सात जुन्या, अमेरिकेतल्या कोणालाही गुणगुणता येतील अशा. दोन नव्या. त्या दोनांतली दुसरी म्हणजे अल्बमची शेवटची रचना, ‘ब्लू इन ग्रीन’. तिच्यापुढे रचनाकार म्हणून दोन नावं छापलेली आहेत: डेव्हिस आणि इव्हान्स. गंमत अशी की हीच रचना काही महिने आधी बाजारात आलेल्या माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरही आहे, आणि तिथे एकच नाव आहे. डेव्हिसचं.

दोन छापील कागद, दोन्ही अधिकृत, दोन्ही त्याच काळातले, आणि दोघांचं म्हणणं वेगळं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला सराव मिळणार नाही. आणि विज्ञानातल्या आपल्यासारख्यांना तर हा प्रश्न अगदी घरचा आहे. पेपरवर पहिलं नाव कुणाचं, कल्पना एकाची आणि काम दुसऱ्याचं असेल तर काय, प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं नाव आपोआप लागतं का, हे प्रश्न पीएचडीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत प्रत्येकाच्या ओळखीचे होतात. म्हणून या वेळी प्रयोगशाळा बाजूला ठेवून एक रेकॉर्ड घेतली आहे.

आधी अल्बमविषयी. रेकॉर्डिंग झालं २८ डिसेंबर १९५९ला, न्यूयॉर्कमध्ये, एका दिवसात. कंपनी रिव्हरसाइड, निर्माता ऑरिन कीपन्यूज. पियानोवर इव्हान्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशियन. इव्हान्स तेव्हा तीस वर्षांचा, लाफारो फक्त तेवीस. इव्हान्सचा पहिला अल्बम १९५६चा. त्याच्या पहिल्या वर्षी जेमतेम ८०० प्रती खपल्या असं सांगतात. १९५८ साली तो काही महिने माइल्स डेव्हिसच्या तुकडीत होता, नोव्हेंबरात बाहेर पडला, आणि मार्च-एप्रिल १९५९मध्ये डेव्हिसने त्याला ‘काइंड ऑफ ब्लू’च्या रेकॉर्डिंगसाठी परत बोलावलं. त्या अल्बमवरच्या पाचपैकी चार रचनांत पियानो इव्हान्सचा आहे. एकीत विंटन केलीचा.

‘स्टँडर्ड’ हा शब्द पुढे वारंवार येईल, तेव्हा तो इथेच समजून घेऊ. नाटकांतली, सिनेमातली, रेडिओवरची लोकप्रिय गाणी जॅझवाल्यांनी उचलली आणि इतकी वाजवली की ती सगळ्यांची सामाईक मालमत्ता झाली. ती स्टँडर्ड्स. बहुतेकांचा साचा ३२ बारांचा असतो. (बार म्हणजे तालाचं एक खण, चार मात्रांचं धरा.) कलाकार एकदा मूळ चाल वाजवतात आणि मग त्याच ३२ बारांच्या स्वरमेळांवर, म्हणजे कॉर्ड्सवर, फेऱ्या घेत नवं काही रचत जातात. आपल्याकडे बंदिश दोन-चार ओळींची आणि पुढचा अर्धा तास गायकाचा, तसंच काहीसं. फरक असा की आपल्याकडे राग धरून ठेवायचा असतो, इथे कॉर्ड्सची साखळी धरून ठेवायची असते.

‘पोर्ट्रेट’वरची स्टँडर्ड्स कुठून कुठून आली आहेत बघा. ‘ऑटम लीव्ह्ज’ मुळात फ्रेंच. चाल जोसेफ कोस्मा या हंगेरियन संगीतकाराची, शब्द जाक प्रेव्हेरचे, इंग्रजी शब्द नंतर जॉनी मर्सरचे. ‘व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह’ कोल पोर्टरचं, १९२९चं. ‘समडे माय प्रिन्स विल कम’ हे तर डिस्नेच्या १९३७च्या ‘स्नो व्हाइट’मधलं, फ्रँक चर्चिलच्या चालीचं, कार्टूनमधलं गाणं गंभीर जॅझवाल्याने वाजवावं याचं तेव्हा नवल वाटे, जरी डेव्ह ब्रुबेकने १९५७मध्ये अख्खा अल्बमच डिस्नेच्या गाण्यांवर केला होता. यांतल्या कुठल्याही गाण्याचा मालक कोण यावर वाद नाही. छापील पुस्तिका आहे, नाटक-सिनेमाच्या तारखा आहेत, प्रकाशक आहे. अडचण सुरू होते ती नव्या रचनांपाशी. कारण त्यांचा जन्म एखाद्या खोलीत, पियानोपाशी, कागदाच्या चिटोऱ्यावर झालेला असतो, आणि त्या खोलीत एक किंवा दोनच माणसं असतात.

दोनपैकी एका नव्या रचनेचा काहीच प्रश्न नाही. ‘पेरीज स्कोप’ इव्हान्सचीच. तेव्हाच्या मैत्रिणीच्या नावावर कोटी करून (पेरिस्कोप!) ठेवलेलं नाव, हलकीफुलकी चाल. तिच्यावर कुणी हक्क सांगितला नाही.

आता ‘ब्लू इन ग्रीन’. ही रचना ३२ बारांची नाही, १६चीही नाही. दहा बारांची आहे, आणि तिचा शेवट असा बेमालूम सुरुवातीला जुळतो की सम कुठे आली ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळतच नाही. शिवाय एकल वादन सुरू झालं की तेच दहा बार दुप्पट वेगाने फिरू लागतात. ठेका संथच, कॉर्ड्स मात्र लवकर लवकर बदलतात. ‘काइंड ऑफ ब्लू’वर ती २ मार्च १९५९ला रेकॉर्ड झाली. डेव्हिसचं ट्रम्पेट, कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन, पॉल चेंबर्सचा बास, जिमी कॉबचे ड्रम, इव्हान्सचा पियानो. दुसरा सॅक्सोफोनवाला कॅननबॉल ॲडर्ली या रचनेत वाजवतच नाही.

पुरावे मांडू. क्रम मात्र ते कधी निर्माण झाले त्याचा ठेवायचा, आपल्याला कधी सापडले त्याचा नाही. ही सवय आत्तापासून लावून घ्या.

पहिला पुरावा आवाजाचा आहे. ३० डिसेंबर १९५८ला, म्हणजे ‘काइंड ऑफ ब्लू’च्या दोन महिने आधी, ट्रम्पेटवादक चेट बेकरने रिव्हरसाइडसाठी ‘अलोन टुगेदर’ हे १९३२चं स्टँडर्ड रेकॉर्ड केलं. पियानोवर इव्हान्स. गाणं सुरू होण्याआधी तो जी छोटी प्रस्तावना वाजवतो तिच्यात ‘ब्लू इन ग्रीन’च्या कॉर्ड्सची साखळी जवळजवळ जशीच्या तशी ऐकू येते. हे कुणाच्या आठवणीवर अवलंबून नाही. टेप आहे, तारीख आहे, तुम्ही स्वतः ऐकून पडताळू शकता.

इथे बरेच लेखक खटला संपल्याचं जाहीर करून टाकतात. मला ते पटत नाही. ती प्रस्तावना नक्की काय सिद्ध करते? एवढंच की डिसेंबर १९५८ अखेर ही साखळी इव्हान्सच्या बोटांत होती. ती त्याच्या बोटांत आली कशी, हे ती सांगत नाही. तो नोव्हेंबरपर्यंत डेव्हिसच्याच तुकडीत होता. डेव्हिसने त्याला काही दाखवलं असेल आणि ते त्याने पुढे वापरलं असेल, तरी आपल्याला हेच ऐकू आलं असतं. पुरावा दोन्ही शक्यतांशी सारखाच जुळत असेल तर त्याने तराजू हलत नाही. संख्याशास्त्रात आपण ज्याला लाइकलिहूड रेशो म्हणतो तो एकच्या आसपास राहतो. एक गोष्ट मात्र यातून बाद होते: ही रचना २ मार्चला स्टुडिओत, रेकॉर्डिंगच्या काही तास आधी जन्माला आली, ही.

आणि नेमकं तेच म्हणणारा दुसरा पुरावा आहे, ज्याचा लेखक आहे स्वतः बिल इव्हान्स! ‘काइंड ऑफ ब्लू’च्या कव्हरमागचा मजकूर त्याने लिहिला. तिथे तो जपानी चित्रकलेचं उदाहरण देतो, ताणलेल्या पातळ कागदावर एका झटक्यात, खाडाखोड न करता काढायच्या चित्राचं. आणि मग सांगतो की या सगळ्या रचनांचे आराखडे माइल्सने रेकॉर्डिंगच्या काही तास आधी योजले. ‘ब्लू इन ग्रीन’च्या दहा बारांच्या वर्तुळाकार बांधणीचंही वर्णन करतो. ही माझी, असं कुठेही म्हणत नाही.

तर मग इव्हान्सविरुद्ध इव्हान्स. आवाजातला इव्हान्स एक सांगतो, कागदावरचा दुसरं. कुणावर विश्वास ठेवायचा? इथे कागद कोणत्या प्रकारचा आहे ते बघावं लागतं. कव्हरचा मजकूर म्हणजे डायरी नव्हे, साक्षही नव्हे. तो माल विकण्यासाठी लिहिलेला असतो, कंपनीच्या पैशाने, अल्बमच्या मालकाच्या मर्जीने. त्यात ‘सगळं उत्स्फूर्त होतं’ ही गोष्ट छान खपते. शिवाय इव्हान्स तिथे पाहुणा होता, तुकडी दुसऱ्याची. अशा कागदावर आपला हक्क न मांडणं म्हणजे हक्क नसणं नव्हे. गाइडच्या नावाने जाणाऱ्या प्रकल्प-अहवालात ‘ही कल्पना माझी’ असं वाक्य कुणी घातलेलं आजवर माझ्या तरी पाहण्यात नाही.

तिसरा पुरावा म्हणजे ज्यापासून सुरुवात केली ते, ‘पोर्ट्रेट इन जॅझ’वरचं जोडनाव. रेकॉर्डिंग डिसेंबर १९५९, अल्बम बाजारात १९६०. म्हणजे घटनेपासून एका वर्षाच्या आतबाहेर. आता अल्बम इव्हान्सचा आहे, कंपनी त्याच्या बाजूची आहे, कव्हर-लेबलवर काय छापायचं यात डेव्हिसचा हात नाही. हक्क सांगायला यापेक्षा मोकळी जागा नव्हती. आणि इव्हान्स तिथे काय सांगतो? एकट्याचं नाव नाही. दोघांचं.

मला हा सगळ्यांत वजनदार पुरावा वाटतो, आणि तो नेमका यामुळे की तो पूर्णपणे इव्हान्सच्या फायद्याचा नाही. पूर्ण श्रेय घेता येत असताना अर्धं घेणारा माणूस बहुधा खरं बोलत असतो. ‘बहुधा’ शब्दावर जोर द्या; डेव्हिसचं प्रसिद्ध नाव लेबलवर असण्याचा विक्रीला फायदा होता, हीसुद्धा शक्यता आहे.

यानंतरचे पुरावे आठवणींचे. इव्हान्सने पुढे सांगितलेली हकीकत अशी: माइल्सने एकदा कागदावर दोन कॉर्ड लिहून दिले, जी मायनर आणि ए ऑगमेंटेड, आणि विचारलं, यांचं तू काय करशील? इव्हान्स घरी गेला आणि त्याने ‘ब्लू इन ग्रीन’ रचलं. पियानिस्ट मरियन मॅकपार्टलंड हिच्या ‘पियानो जॅझ’ या रेडिओ कार्यक्रमात १९७८ साली (प्रसारण १९७९) तिने थेट विचारलं, तेव्हा त्याने रचना आपली असल्याचं सांगितलं. याचा मोठा बाऊ करायचा नाही, संगीत आहे हे पुरेसं, रॉयल्टी माइल्सला मिळते, असंही म्हणाला. रॉयल्टीचा विषय त्याने डेव्हिसकडे एकदा काढला होता. डेव्हिसने त्याला २५ डॉलरचा चेक लिहून दिला, अशी त्याची हकीकत आहे.

इव्हान्सचा संगीतकार मित्र अर्ल झिंडार्स यानेही कित्येक वर्षांनी मुलाखतीत सांगितलं की ही रचना शंभर टक्के बिलचीच. न्यूयॉर्कमधल्या झिंडार्सच्या खोलीवर रात्री उशिरापर्यंत तेच ते बार वाजवत त्याने ती पुरी केली. तपशील जिवंत आहे, पण साक्षीदार मित्र आहे आणि मध्ये तीन-एक दशकं गेलेली आहेत.

उलट बाजूला डेव्हिसचं १९८९चं आत्मचरित्र. त्यात तो इव्हान्सचं तोंडभरून कौतुक करतो, त्याच्यामुळे राव्हेल, रखमानिनोव्ह ऐकल्याचं सांगतो, आणि इव्हान्स ‘काइंड ऑफ ब्लू’चा सहरचनाकार होता हे मात्र साफ नाकारतो. तीस वर्षांनंतरचं लेखन, आणि तोवर इव्हान्स जाऊन नऊ वर्षं झालेली. (तो १५ सप्टेंबर १९८०ला गेला, ५१ वर्षांचा असताना.)

आठवणींचे पुरावे फेकून द्यायचे नसतात, पण त्यांना तारीख चिकटवून ठेवायची असते. गोष्ट जितक्या वेळा सांगितली जाते तितकी ती गुळगुळीत होते. १९६०चं लेबल ‘आम्ही दोघे’ म्हणतं, १९७८ची मुलाखत ‘मी’ म्हणते. यात इव्हान्स खोटं बोलतोय असं मानायचं कारण नाही. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं. ‘लेबलवर काय छापू?’ याचं उत्तर वेगळं आणि ‘खरं सांग, कुणी लिहिलं?’ याचं वेगळं. दोन कॉर्डच्या हकिकतीत दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी ठरतात: बीज माइल्सचं, झाड बिलचं.

तर बीजाला किती श्रेय? इथे आपल्या क्षेत्रातली आजची पद्धत लावून बघायचा मोह होतो. बरीच जर्नलं आता लेखकांना चौदा भूमिकांची यादी देतात: संकल्पना, पद्धत, प्रत्यक्ष काम, पहिला मसुदा, निधी, देखरेख वगैरे, कुणी काय केलं ते लिहा म्हणतात. ‘ब्लू इन ग्रीन’साठी ही यादी भरली तर ‘संकल्पना’पुढे डेव्हिसचं नाव येईल, बहुधा ‘देखरेख’ आणि ‘निधी’पुढेही, कारण स्टुडिओ त्याला मिळालेला, वादक त्याने निवडलेले. ‘मसुदा’पुढे इव्हान्स. पण कायद्याला अशी यादी चालत नव्हती. त्याला रचनाकाराच्या रकान्यात नाव हवं होतं, बस. कॉर्ड कुणी सुचवले, वादकाने त्यांचं काय केलं, हे त्या रकान्यात मावत नाही. म्हणूनच तर जॅझवाले स्टँडर्डच्या कॉर्ड्स जशाच्या तशा उचलून वर नवी चाल बसवत आणि ती नवी रचना म्हणून नोंदवत. टॅड डॅमरनचं ‘हॉट हाउस’ हे कोल पोर्टरच्या ‘व्हॉट इज धिस थिंग’च्याच कॉर्ड्सवर उभं आहे. कॉर्ड्सवर मालकी नसते, चालीवर असते. गंमत अशी की ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये जे अपूर्व आहे ते बरंचसं कॉर्ड्समध्येच आहे.

पैशाचं गणित करून बघू, कारण ते २५ डॉलर डोक्यातून जात नाहीत. अमेरिकेत १९०९च्या कायद्याने रेकॉर्डवरच्या प्रत्येक रचनेमागे, प्रत्येक प्रतीमागे २ सेंट असा दर ठरला आणि १९७७ अखेरपर्यंत तो तसाच राहिला. या दराने २५ डॉलर म्हणजे १,२५० प्रतींची रॉयल्टी. ‘काइंड ऑफ ब्लू’ला २०१९ साली अमेरिकेत पाचपट प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे ५० लाख प्रती. जुन्याच दराने धरलं तरी एका रचनेचे एक लाख डॉलर होतात. यातला काही वाटा प्रकाशकाचा, काही प्रती दर वाढल्यानंतरच्या, इतर वादकांनी केलेल्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी वेगळीच. तेव्हा हा आकडा ढोबळच समजा. पण २५ आणि एक लाख यांतलं अंतर ढोबळपणाने बुजत नाही. इव्हान्सला त्या वर्षांत हेरॉइनचं व्यसन होतं आणि पैशाची चणचण कायमची; कीपन्यूजकडे तो वारंवार उचल मागे. त्याच्यासाठी हा फक्त मानाचा प्रश्न नव्हता.

आता एक मोह टाळायला हवा: ‘माइल्स दुसऱ्यांच्या रचना ढापायचाच, मग हीही ढापली.’ त्याला आधार आहे, नाही असं नाही. ‘फोर’ आणि ‘ट्यून अप’ या डेव्हिसच्या नावावरच्या रचनांवर एडी व्हिन्सनचा हक्क मानला जातो. ‘सोलार’चं प्रकरण तर नाट्यमय आहे, त्या चालीचे पहिले बार डेव्हिसच्या थडग्यावर कोरलेले आहेत, आणि वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या १९४६च्या एका रेकॉर्डिंगमध्ये गिटारवादक चक वेन तीच चाल ‘सनी’ या नावाने वाजवतो. डेव्हिसने ‘सोलार’ रेकॉर्ड केलं १९५४मध्ये. पण याच गृहस्थाने एकविसाव्या वर्षाच्या आत रचलेलं ‘डॉना ली’ आजही चार्ली पार्करच्या नावावर छापलं जातं. तेव्हा तुकडीचा म्होरक्या पार्कर होता. म्हणजे एका माणसाच्या वाईट सवयीपेक्षा धंद्याच्या रिवाजाकडे बोट जातं. रेकॉर्डिंगचा करार ज्याच्या नावे, कागदपत्रं त्याच्याकडे. तुकडीत तयार झालेलं सगळं तुकडीप्रमुखाच्या नावावर जाई. डेव्हिस या रिवाजाचा आधी तोटा सोसलेला आणि नंतर फायदा घेतलेला माणूस आहे. पूर्वग्रह म्हणून हे हिशेबात धरा, निकाल म्हणून नको.

शैलीवरून निकाल लावायचाही प्रयत्न होतो. ‘ऐका, हे किती इव्हान्ससारखं आहे!’ हो, आहे. पण पियानोवर इव्हान्सच बसलाय. तो ‘ऑटम लीव्ह्ज’ वाजवतो तेव्हा तेही इव्हान्ससारखंच वाटतं, आणि ते कोस्माचं आहे. मोजायचं उपकरणच नमुन्यात मिसळलेलं असेल तर मापनाचा काय उपयोग. त्यातल्या त्यात शेजारचं उदाहरण उपयोगी पडतं. ‘काइंड ऑफ ब्लू’वरच्या ‘फ्लेमेंको स्केचेस’ची सुरुवात इव्हान्सच्या ‘पीस पीस’वरून घेतलेली आहे, आणि ‘पीस पीस’ त्याने डिसेंबर १९५८मध्ये एकट्याने रेकॉर्ड केलं होतं. त्याचा आधार पुन्हा लेनर्ड बर्नस्टाइनच्या ‘सम अदर टाइम’ची सुरुवात! तेव्हा ‘फ्लेमेंको स्केचेस’चं लेबलही एकट्या डेव्हिसचं असलं तरी इव्हान्सचा माल त्या अल्बमवर आला होता, हे निदान एका ठिकाणी ठामपणे दाखवता येतं. यामुळे ‘ब्लू इन ग्रीन’विषयीचा त्याचा दावा मला अधिक विश्वासार्ह वाटतो. माझं मत विचाराल तर चाल आणि बांधणी इव्हान्सची, ठिणगी डेव्हिसची, आणि १९६०चं जोडनाव हे त्या दोघांच्या वाट्याचं त्यातल्या त्यात प्रामाणिक वर्णन. उद्या त्या दोन कॉर्डांचा कागद कुठल्या पेटीत निघाला तर मी मत बदलायला तयार आहे.

या सगळ्या श्रेयाच्या चर्चेत ‘पोर्ट्रेट’वरची एक गोष्ट कुठल्याच रकान्यात नोंदली गेलेली नाही, आणि माझ्या मते अल्बमचं खरं महत्त्व तिच्यात आहे: लाफारोचा बास. तोवर त्रिकुटात बासवाल्याचं काम म्हणजे प्रत्येक मात्रेला एक सूर देत चालत राहणं, पियानोखाली पाया भरत. ‘ऑटम लीव्ह्ज’ ऐका. चाल वाजवून झाली की पियानो आणि बास एकमेकांना तोडत, उत्तरं देत बोलू लागतात. ठेका कुणीच उघडपणे धरत नाही आणि तरी तो हरवत नाही. बऱ्याच वेळाने लाफारो नेहमीची चाल धरतो तेव्हा अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं. आजच्या सीडीवर याचे दोन टेक आहेत, एक स्टिरिओ आणि एक मोनो. तीच माणसं, तोच दिवस, तेच ३२ बार, आणि संभाषण वेगळं. दोन टेक लागोपाठ ऐकले की यातलं काय आधी ठरलेलं होतं आणि काय जागच्या जागी घडलं हे वेगळं काढता येतं. यापेक्षा स्वच्छ तुलना मिळणं कठीण. लाफारोला या कामासाठी वादकाचं मानधन मिळालं असेल, रचनाकाराचं नाही. ६ जुलै १९६१ला तो मोटार अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी. त्याआधी अकराच दिवस या तिघांनी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात दिवसभर वाजवलं होतं, आणि त्या टेपांतून दोन अल्बम निघाले. या त्रिकुटाचे स्टुडिओतले अल्बम दोनच: ‘पोर्ट्रेट’ आणि फेब्रुवारी १९६१चा ‘एक्सप्लोरेशन्स’.

ज्यांना हा पुरावा स्वतः तपासायचाय त्यांनी तीन रेकॉर्डिंग तारखेच्या क्रमाने ऐकावीत. ३० डिसेंबर १९५८, चेट बेकरचं ‘अलोन टुगेदर’; फक्त सुरुवातीची प्रस्तावना, दोन-तीनदा. मग २ मार्च १९५९, ‘काइंड ऑफ ब्लू’वरचं. मग २८ डिसेंबर १९५९, ‘पोर्ट्रेट’वरचं. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत ३६३ दिवस. हेडफोन लावा, हातात कागद घ्या आणि दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये दहा बार मोजायचा प्रयत्न करा. पहिल्या खेपेला मोजणी चुकेल. प्रस्तावनेचे चार बार आधी सोडून द्यायचे आणि ट्रम्पेट आलं की एक धरायचा.